व्यवसाय : यादीतून निवडा

रोल्ला चौकाच्या मागे, ज्यूसवाला आणि मोबाइलवाला यांच्या मधे
आमचं टायपिंग सेंटर. तीन खुर्च्या, एक एसी, तोही ठिबकणारा.
खाली बादली. दर दोन तासांनी मी ती ओतते.
माझं आडनाव टिपणीस.
आमच्यातलं कुणीतरी कुण्या दरबारात
बोललेलं टिपून ठेवायचं म्हणे.
मी शारजात व्हिसाचे अर्ज टिपते,
पानाला पंधरा दिरहम.

ऑगस्टातल्या एका दुपारी ते आले.
अंगात थ्री-पीस सूट, बाहेर सेहेचाळीस अंश.
डॉक्टर झेफनाया मुटुम्बा. पासपोर्टावरच्या राजमुद्रेचं सोनं
हाताळून हाताळून उडालेलं.
"मागचा व्यवसाय?"
"माहितीमंत्री," ते म्हणाले,
"साखर नको" म्हणावं तसं.

अर्जात एवढीशी चौकट. ते मात्र उभ्या उभ्या सांगू लागले
(खुर्ची होती, बसले नाहीत) :
आधी प्राध्यापक. सरकारविरुद्ध इतकं धारदार लिहिलं
की सरकारनं बोलावून मंत्री केलं.
मग पत्रकारांना परवाने. मग परवान्यांना मुदत.
मग चार वर्तमानपत्रं बंद. पाचव्याचा छापखाना
एका रात्री जळाला, आणि सकाळी रेडिओवर
यांनीच निवेदन केलं :
कागद हा मुळातच ज्वालाग्राही पदार्थ आहे.
सांगताना किंचित हसले. वाक्य अजून आवडत होतं त्यांना.

दुष्काळ हा शब्द त्यांनी अठरा महिने बंद ठेवला.
मग म्हणायचं काय, मी विचारलं.
त्यांनी सांगितलं. मी मनात मराठी करायला गेले :
टंचाईसदृश परिस्थिती.
आणि दचकले. करावं लागलंच नाही,
आमच्याकडे ते तयारच होतं.

पुढे पक्षानं काढलं, परत घेतलं, परत काढलं.
दुसऱ्या वेळचं त्यांना कळलं ते रेडिओवरच.
"वाक्यरचना निर्दोष होती," म्हणाले. "माझीच पोरं."

भिंतीपाशी एक सिक्युरिटी गार्ड नंबर घेऊन बसलेला.
रात्रपाळीचे डोळे. आमचा एक स्क्रीन गिऱ्हाइकाकडे वळवलेला असतो,
तो तिकडे पाहत होता. हळूच म्हणाला,
"मंत्रालय. त्यात एक अक्षर राहिलंय."
खरंच राहिलं होतं.
मुटुम्बा वळले. "नजर चांगली आहे. कुठला तू?"
"केनिया."
"छान देश," मुटुम्बा म्हणाले,
आणि पुन्हा माझ्याकडे वळले.

नवा व्यवसाय यादीतूनच निवडावा लागतो.
मंत्री यादीत नाही. सल्लागाराला
पदवीच्या दाखल्यावर त्यांच्या देशाचा शिक्का लागतो,
आणि तो देश आता त्यांना शिक्का देणार नाही.
मी 'माहिती' टाकून शोधलं. एकच ओळ आली :
माहिती लिपिक.

बादलीत थेंब. बऱ्याच वेळानं दुसरा.

"चालेल," ते म्हणाले.
पंधरा दिरहम सुट्टे मोजून दिले, पावती मागितली,
पावती दोनदा वाचली, आणि उन्हात गेले
सूटचं बटण लावत.

मग गार्डचा नंबर. सायमन चिरोंबो.
पासपोर्ट केनियाचा नव्हता.
तीच राजमुद्रा, सोनं शाबूत.
मी काही बोलले नाही. माहिती खात्याशी खोटं बोललेला माणूस
मी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहत होते.
"मागचा व्यवसाय?"
"मुद्रितशोधक."
"कुठे?"
"ते आत्ताच सांगून गेले की."

मी छापून कागद पुढे केला.
त्यानं खिशातलं लाल पेन काढलं,
ओळीखाली बोट सरकवत शेवटपर्यंत वाचलं,
अरबी बाजूसुद्धा, जी त्याला येत नव्हती.
"एकही चूक नाही," तो म्हणाला,
जरासा हिरमुसून.

बादली भरली होती. मी उठले.