खिळा

क्लिफडनच्या बेकरीत, भट्टीशेजारी,
एकाच खिळ्यावर नोरीन अडकवते
दर जानेवारीला आलेला नवा कागद.
जुने काढत नाही. न जाणो.

पहाटे चारला, पिठाळ बोटांनी, ती वाचते:
किमान वेतन, आजारपणाची रजा,
आणि एक 'परंतु', ज्याच्या पोटात
आणखी दोन.
गेल्या वर्षी पाठ केलेलं यंदा चुकीचं.

कोलमन एकोणीस वर्षं इथे पाव भाजतो.
त्याची आई गेली तेव्हा ती एवढंच म्हणाली होती,
"जा. सावकाश ये."
तो परतला, बहुधा अकरा दिवसांनी.
मोजलं कुणी होतं?
आता वहीत रकाना आहे,
आणि 'सावकाश' त्यात मावत नाही.

शिवाय साडेचार तासांनी
पंधरा मिनिटं विश्रांती. सक्तीची.
कोलमनला बसणं जमत नाही.
पोत्यावर टेकतो अर्धामुर्धा,
चोरी पकडल्यासारखा भट्टीकडे बघत.

"नीट बस की! दंड मला भरावा लागेल,"
म्हणत ती चहाचे दोन मग आणते,
स्वतःही टेकते त्याच पोत्यावर.
मालकिणीच्या पाठीबद्दल
कायदा काही म्हणत नाही,
निदान डिसेंबरपर्यंत तरी.