चालेल

बत्तीस वर्षं प्रेसमध्ये होतो, नाशिकरोडला.
टेबलावर छापील ताव यायचे
आणि माझं काम एवढंच: खोट शोधणं.
फुटलेली शाई, सरकलेली रेघ,
आकड्याचं तुटलेलं शेपूट.
दिसली की लाल पेन्सिलीची फुली.
नाही दिसली, ताव पुढे.
पुढे गेलेल्याकडे पुन्हा पाहायचं नसतं,
त्याचा पगार नव्हता.

मग एक दिवस शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ.
मी सुटलो. डोळे कामावरून सुटले नाहीत.
पोळीचा कच्चा काठ.
सुनेच्या बोलण्यातला एक शब्द.
देवळालीच्या बसला झालेली सात मिनिटं.
"अहो," मंदाकिनी म्हणाली,
"घरात कुणी तपासनीस मागितला नव्हता."

आणि रात्री तीनला,
जेलरोडवरून कांद्याचा एखादाच ट्रक जातो तेव्हा,
टेबलावर मीच पसरलेला.
भावाला बारशात चारचौघांत बोललो ते, फुली.
आईच्या शेवटच्या फोनला "नंतर करतो" म्हणालो ते, फुली.
जे अजून घडलंच नाही
त्यावरही, आगाऊ.
उजाडेपर्यंत अख्खा माणूस रद्द.

दसकच्या घाटावर गायधनी भेटतो, मशिनवरचा.
मी म्हणालो, पानवेली बघ किती साचल्यात.
तो तंबाखू मळत राहिला.
"शंभरात किती मारायचास रे?"
तीन. वाईट दिवस असला तर पाच.
"आणि बाकीचे?"
जायचे.
"कुठं?"
बत्तीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
"दळणाला," तोच म्हणाला, "एसटीला, वह्यांना,
सासरी निघालेल्या लेकीच्या मुठीत."
आणि चिमूट ओठाखाली दाबून गप्प बसला.

त्या रात्री ताव पुन्हा आला.
फुल्या खोडल्या नाहीत, खाडाखोड आमच्यात बसत नाही.
फक्त पेन्सिल खाली ठेवली
आणि उरलेला कागद वाचला.
भावाला बोललो खरं.
त्याच्या ऑपरेशनला नऊ रात्री
दवाखान्याच्या बाकावर कोण होतं?
आईचा फोन राहिला.
तो राहिलाच.
पण त्याआधीचे रविवार, दर रविवारी साडेनऊला,
तिचं तेच तेच गुडघ्याचं गाऱ्हाणं
आणि मी हं हं करत ऐकलेलं,
ते मी कधी मोजलेच नव्हते.
साडेचारला झोप लागली.
रोज लागते असं नाही. परवा पुन्हा पहाट झाली.

आज बाजारात आहेरबाईंनी दहाची नोट परत दिली,
मधोमध चिकटपट्टी, एक कोपरा गेलेला.
माझी नजर थेट तिथंच, सवयीनं.
"चालंल ना, बाबा?"
किती हातांतून आली असेल,
आणि तरी दहाच रुपयांची.

चालेल, म्हणालो.
हा शब्द माझ्या खात्यात कधी नव्हता.
मेथीची जुडी पिशवीत टाकली, निघालो.
घर येईपर्यंत
नोट दोनदाच काढून पाहिली.