रंग पक्का नाही

सात रस्त्यावरनं स्वरूपानं आणलेला
मटणाविना मटणाचा बर्गर
नरसय्या वडनाल आधी बोटांनी तपासतात.
चाळीस वर्षं मागावर.
टेरिकॉट सूत म्हणून विकणारे
त्यांनी अंधारात पकडलेत.

रेषा उकलतात एकेक.
‘ताणा जमलाय,’ म्हणतात, ‘बाणा कुठाय?’
बिटाचा लाल थेंब बनियनवर.
टोक नळाखाली धरतात,
गेला.
‘बघ. रंग पक्का नाही.’

तरी सगळा खातात,
वर शेंगाचटणी भुरभुरून.
छातीवरचे टाके अजून ओले आहेत
आणि पोरगी समोर बसलीय.

मग रिकाम्या बशीत
उगाच काहीतरी चाचपतात.
‘काय हवं, नायना?’
‘नळी.’

दारातलं कुत्रं
बशी हुंगतं,
त्यांच्याकडे बघतं.