अकरा मिनिटं

पुएर्तो माँतच्या कामगार कोर्टात
आज वाद आहे अकरा मिनिटांचा.

एदुविना सांगते :
दोन मोजे, रबरी बूट, एप्रन, जाळीची टोपी,
मग क्लोरीनच्या पाण्यात कोपरापर्यंत हात,
आणि मग कुठे कार्ड पंच करायचं.
"हे काय मी हौसेनं घालते?"

लिसांद्रो, कारखान्याचा मालक, टोपी मांडीवर ठेवून.
वाईट नाही तो माणूस. ज्या साली
सामन मासे रोगानं मेले, त्या साली
बायकोची गाडी विकून त्यानं पगार केले.
म्हणतो, बूट चढवणं काम असेल
तर झोपेतून उठणंही कामच धरा.

कायद्याच्या एकाच ओळीवर
दोन्ही वकिलांची बोटं.

ध्वनिमुद्रणाचं यंत्र माझ्याकडे असतं.
तिनं हात टेबलावर ठेवले,
नखांच्या कडा पांढऱ्या, भिजून सुटलेल्या.
कोणी काही बोललं नाही.
मुद्रणात तिथे
नुसती शेगडीची घरघर आहे.

निकाल पुढच्या महिन्यात.

कोर्ट नऊला उघडतं, माझा पगारही तेव्हापासून.
शेगडी पेटवायला मी येते साडेआठला.
हे कुणाला विचारायचं
ते अजून ठरवलेलं नाही.