मागची लाईन

बत्तीस वर्षं अनगोळला पाणी सोडलं मी.
चावीचा लोखंडी आवाज आला की
गल्लीत घागरी बाहेर यायच्या.
आता मला दिवसाला पाऊण लिटर.
शेवंता तांब्यावर मार्करनं रेघ मारून ठेवते,
सिस्टर म्हणते, "अज्जा, नीरु कडिमे."
एवढं कन्नड मला कुणी शिकवावं लागलं नाही.
ह्याच दोन शब्दांवरून अर्धं गाव
माझ्याशी भांडलेलं आहे.

डाव्या मनगटात फिस्टुला होता.
कानाशी धरला की मोटर चालू असल्यागत घरघर.
एका सकाळी गप्प.
मग मानेत नळी, उजवीकडं. तुंबली.
डावीकडं घातली. थंडीताप, काढली.
मग मांडी. मग दुसरी मांडी.

डॉक्टर नेसरगींनी डाय सोडून पडद्यावर दाखवलं:
छातीत शिरायच्या तोंडाशी मोठ्या शिरा बंद,
आणि त्यांना वळसा घालून बारक्या बारक्या वाटा
खांद्यावरनं, बरगड्यांवरनं,
कुठल्याच ठेकेदारानं न खोदलेल्या.
मी हसलो. त्यांना वाटलं, भ्याला.

साहेब, वडगावच्या कोपऱ्यावर असंच व्हायचं.
मेन लाईन गाळानं भरलेली,
तरी एका म्हातारीच्या मोरीत पाणी यायचंच.
नकाशात ते कुठं नव्हतं.
नकाशा इंजिनियरकडं असायचा.
मी चावीचं एक टोक वॉल्व्हवर टेकवायचो,
दुसरं कानाला,
आणि रात्री दोनला जमीन ऐकत बसायचो.

आता पाठीतून जायचं म्हणतात.
कमरेच्या वर, मणक्याच्या उजव्या अंगानं,
सरळ पोटातल्या मोठ्या शिरेत.
ती बंद पडली तर यकृतातून.
आणि त्याच्यापुढं?
डॉक्टर थोडा वेळ मराठी शब्द शोधत राहिले.
कन्नडमधेही नसावा.

कागद कन्नडात होता, सही मी मराठीत केली:
भरमा ओऊळकर, वॉल्व्हमन, निवृत्त.
हुद्दा कुणी विचारला नव्हता.

पालथा पडलो. सुई बधिर जागेतून आत,
मग तार, मग तारेवरून नळी.
दुखत नव्हतं. कुणीतरी माझ्यात
चावी घालून चाचपत होतं,
आटे किती, कुठल्या बाजूला फिरतात.
मी त्याला मनातल्या मनात सांगत होतो,
हळू. गंजलेलं आहे. हिसका देऊ नको.

दुपारी मशीन लावलं.
पारदर्शक नळी टोकापासून तांबडी होत गेली.
दाराच्या फटीतून शेवंतानं विचारलं,
बत्तीस वर्षं सगळ्या बायका विचारायच्या तेच,
"आलं का?"

आलं.
प्रेशर कमी आहे.