आडवी रेघ

मी टॉवेल तपासते.
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, इराबत्तींच्या कारखान्यात,
ट्यूबलाइटखाली, काचेच्या टेबलावर,
एकोणीस वर्षं.
तुटका धागा, तेलाचा डाग, निसटलेली गाठ,
बोटांना आधी कळतं, डोळ्यांना मागून.

आणि आडवी रेघ.
लाईट जाते, माग थांबतो,
लाईट येते, माग दचकून उठतो,
तेवढ्यात कापडात एक रेघ पडते.
धुतली तरी जात नाही.
तो नग सेकंडमध्ये. किलोवर विकायचा.

गेल्या वैशाखात, चव्वेचाळीस अंशांत,
मुबीना बागवान टेम्पोतून एक कपाट घेऊन आली.
आयटीआयची पोर, कानावर पेन्सिल, पायात भावाचे बूट.
मालक म्हणाले, लिथियमची का नाही आणली?
ती म्हणाली, लिथियम हलकं,
त्याला फोनात जाऊ दे, गाडीत जाऊ दे.
तुमचे माग कुठं पळून चाललेत?
ही जड आहे, सोडियमची. मिठात असतं ते सोडियम.
पार शून्यावर आणून टेम्पोत घातली होती,
तरी मेली नाही. भरली की उठून बसेल.

मल्लेशम हसला.
‘मिठाची बॅटरी? काय सांगालीस बे,
भाकरीसंगं खायची का?’

पण रंगखात्यात जाऊन बघा,
मिठाची पोती पत्र्याला टेकलेली असतात.
मिठाशिवाय सूत रंग धरत नाही,
मीठ रंगाला ढकलत ढकलत धाग्यात नेऊन सोडतं
आणि स्वतः गटारात जातं.
आमच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही
ती उगीच नाही.
म्हणजे मीठ आम्हाला नवं नव्हतं.
त्याला कायम नोकरीवर घेतलेलं पहिल्यांदा पाहिलं.
दिवसा छपरावरचं ऊन आलं की ह्या काठाला,
रात्री परत त्या काठाला,
धोट्यासारखं.

आत तांब्याच्या पट्ट्या नाहीत, दोन्हीकडे ॲल्युमिनियम,
हे ऐकून वॉचमन एकदम निवांत झाला.
दिवाळीत चोरांनी मोटारीची वायरसुद्धा ठेवली नव्हती.

पहिल्याच आठवड्यात, रात्री साडेनऊला, लाईट गेली.
समोरची शेड गप्प झाली, मग तिच्या पलीकडची,
मग पार कोपऱ्यापर्यंत.
आमचे आठ माग खडखडत राहिले,
गाव झोपल्यावर एकच घर भांडत राहावं तसे.

सकाळी तो ताका माझ्या टेबलावर आला.
साडेनऊची जागा मी शोधली.
वीस मीटर बोट फिरवलं.
परत उलटं फिरवलं.
सापडली नाही.

मालक म्हणाले, ‘खाल्ल्या मिठाला जागली बघा.’
म्हणताना मल्लेशमकडे का पाहिलं
कोण जाणे.

मल्लेशमची मजुरी नगावर.
दोन पैसे जास्त सुटतात आता, तोही नाही म्हणत नाही.
पण लाईट गेली की तो बाहेर कट्ट्यावर यायचा,
बनियन काढून पिळायचा,
कडक भाकरीचा तुकडा शेंगाचटणीला लावायचा,
बायकोला फोन करायचा, तेलुगूत,
इतक्या हळू आवाजात
की माग चालू असता तर तिला काही कळलंच नसतं.
तो वेळ कुणी मोजला नव्हता.
आता मोजता येतो. अडीच टॉवेल.

मुबीना सहा महिन्यांनी तपासायला आली
तेव्हा तिला मी हे सांगितलं.
तिनं दार उघडलं, आकडे वहीत लिहिले,
आणि म्हणाली,
‘मावशी, बंद करायचं बटणपण दिलंय की मी.
ते कोणी विचारलंच नाही.’

माझ्या घरी एक सेकंडचा टॉवेल आहे.
चार रेघा, एकाच पाळीतल्या.
राजमणी पोटात होती तेव्हाचा.
चार वेळा अंधार झाला, चारही वेळा
सगळे बाहेर येऊन बसलो,
कुणीतरी माझ्या पाठीला पोतं लावून दिलं होतं.
तपासनीस म्हणून विचाराल तर
तो किलोवरच जायला हवा होता.
अंग पुसायला बरा आहे.