मलूल

हेदवीच्या सड्यावर कातळ तापलेला,
गवताच्या नावाने नुसती पिवळी खरबड,
आणि ठकूबाय झोऱ्यांची अकरा शेरडं
मागच्या पायांवर उभी राहून
उंबर ओरबाडत होती.

मी कात्री आणि पंधरा कागदी पिशव्या घेऊन गेलेली.
फणस. उंबर. शेवरी. भेंड. आपटा.
पेन्सिलीने नाव, तारीख, पान कोवळं की जून.
गिरिपुष्प लिहिलं तेव्हा त्या म्हणाल्या,
"उंदीरमारी लिवा. हितं तेच नाव."

उंदीर मरतो, मग शेरडं कशी खातात?
"ताजी नाय खात. वासालाच तोंड फिरवतात.
सांजचा तोडायचा, रातभर पडवीत मलूल होऊ द्यायचा,
सकाळी घातलात की काठीसुद्धा सोडत नाहीत.
पन सगळा तोच नुको. फणस मिसळायचा."

माझ्या तक्त्यात 'मलूल' असा रकाना नव्हता.
समासात लिहिलं, बाण काढून.

परतताना शाळेच्या कुंपणाची कण्हेर तोडली,
विषारी नमुना म्हणून. एकच डहाळी.
ठकूबायनी ती हातातून घेतली,
गडग्यापलीकडे भिरकावली,
आणि पदराला हात पुसत राहिल्या,
पुसून झाल्यावरही.

"सव्वीस जानेवारीला पोरांनी कुंपण छाटलान,
फांद्या वाटेवर टाकलान.
हिरवी असती तर चंद्रीनं हुंगलीपण नसती.
दोन दिवस उन्हात पडली,
मलूल झाली."

पुढे त्या काही बोलल्या नाहीत.
खाली खाडीत भरती चढत होती,
एक करडू माझ्या पिशवीचा कोपरा चघळत होतं.

दापोलीत आता ओव्हनला साठ अंश.
उंबर: ओला शंभर ग्रॅम, सुका छत्तीस.
नायट्रोजन गुणिले सव्वासहा, म्हणजे प्रथिनं.
टॅनिनचा निकाल सोमवारी.
आकडे बरे येतील, फणसाचे तर नक्कीच.

उंदीरमारीच्या दोन पिशव्या केल्यात,
एक ताजी, एक रातभर ठेवलेली.
साहेब म्हणाले, दुसरी कशाला?

भेंडीच्या पिशवीत एक पान निघालं,
कडेला अर्धगोल चावा.
अशा पानापुढे 'नमुना बाद' लिहायचं असतं.
मी ते तराजूवर ठेवलं.
काटा हलला, थांबला.